भाडं पुरत नाही तेव्हा काउन्सिलकडे तात्पुरती मदत कशी मागायची: ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांसाठी

एक ताई प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. पिशवीत चार महिन्यांची पाकिटं होती आणि त्यातली तीन फोडलेलीच नव्हती. म्हणाल्या, "दादा, काउन्सिलपुढे हात पसरायचा म्हणजे कसंतरीच वाटतं हो. इथे सगळे ओळखीचे, कुणाला कळलं तर?" आम्ही टेबलावर बसून एकेक पाकीट फोडलं. एक घरमालकाच्या एजंटाचं निघालं. थकलेलं भाडं हप्त्यांनी द्या, बोलायला या, असं त्यात लिहिलं होतं. पत्रावरची तारीख दोन महिन्यांपूर्वीची होती.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ही मदत लाजण्यासारखी नाही, पण ती आपणहून घरी येतही नाही. ती मागावी लागते, वेळेत मागावी लागते आणि कागदावर नीट मांडून मागावी लागते. अर्जदार खरा अडचणीत असूनही कागद अपुरा म्हणून नकार आलेला मी पाहिला आहे. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

ही मदत म्हणजे नेमकं काय

युनिव्हर्सल क्रेडिटमधून (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारा सरकारी भत्ता) किंवा हाउसिंग बेनिफिटमधून (भाड्यासाठीचा जुना भत्ता) मिळणारी रक्कम आणि प्रत्यक्ष भाडं यांत फरक पडत असेल, तर तो काही काळ भरून काढण्यासाठी काउन्सिल जादा पैसे देऊ शकते. जुलै २००१ पासून या मदतीला डिस्क्रिशनरी हाउसिंग पेमेंट म्हणतात. लोक नुसतं डीएचपी म्हणतात. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०२६ पासून ही मदत क्रायसिस अँड रेझिलियन्स फंड या नव्या निधीत आली आहे. त्यामुळे काउन्सिलच्या संकेतस्थळावर हाउसिंग पेमेंट असा शब्द दिसला तरी गोंधळू नका. वेल्समध्ये डीएचपी हेच नाव चालू आहे. स्कॉटलंडमध्ये २०१७ पासून ही मदत स्कॉटिश सरकारच्या अखत्यारीत आहे, आणि उत्तर आयर्लंडमध्ये काउन्सिलऐवजी हाउसिंग एक्झिक्युटिव्हकडे जावं लागतं.

डिस्क्रिशनरी या शब्दातच सगळं आलं. द्यायचं की नाही, किती आणि किती महिने, हे काउन्सिल ठरवते. निधी एप्रिल ते मार्च अशा वर्षासाठी असतो आणि ठरावीक असतो. शेजारच्या काउन्सिलने मैत्रिणीला सहा महिने दिले म्हणून तुमचीही देईल असं नाही. पण म्हणून लहर येईल तसा निर्णय काउन्सिलला घेता येत नाही. तुमची परिस्थिती समजून घेऊन, कारण देऊन निर्णय घेणं काउन्सिलला बंधनकारक आहे. त्यामुळे ती परिस्थिती त्यांच्यासमोर पूर्ण येणं हे आपलं काम.

हे पैसे परत फेडायचे नसतात. युनिव्हर्सल क्रेडिट मोजताना ते उत्पन्नात धरत नाहीत, बेनिफिट कॅपमध्येही (सगळ्या भत्त्यांची मिळून कमाल मर्यादा) धरत नाहीत. पुष्कळ जण या एका भीतीने अर्ज करत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आधी व्हिसा पाहा

आपल्या लोकांसाठी ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. तुम्ही स्किल्ड वर्कर, स्टुडंट किंवा डिपेंडंट व्हिसावर असाल, तर तुमच्या परवानगीवर बहुधा "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" अशी अट असते, म्हणजे सरकारी भत्ते घेता येत नाहीत. युनिव्हर्सल क्रेडिट आणि हाउसिंग बेनिफिट हे पब्लिक फंड्स आहेत, आणि डीएचपी त्यांच्याच आधारावर मिळतं. अट असताना अर्ज केला तर पुढच्या व्हिसाला धोका पोचू शकतो. ऑनलाइन ई-व्हिसा उघडून अट स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. ओळखीतल्या कुणी सांगितलं म्हणून विसंबून राहू नका.

सेटलमेंट (कायम राहण्याची परवानगी) मिळालेली किंवा ब्रिटिश नागरिक झालेली माणसं अर्ज करू शकतात. नवरा-बायकोंपैकी एकाला सेटलमेंट आणि दुसऱ्यावर अट, अशी घरंही आपल्याकडे बरीच आहेत. तिथे पात्र जोडीदार युनिव्हर्सल क्रेडिट मागू शकतो, पण दुसऱ्यामुळे जादा पब्लिक फंड्स मिळता कामा नयेत. अशा वेळी अर्जाआधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये (मोफत सल्ला देणारी संस्था) किंवा नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला विचारा.

आणि अट असूनही घर जायची वेळ आली, घरात लहान मुलं आहेत, तर सगळे दरवाजे बंद झालेले नसतात. इंग्लंडमध्ये चिल्ड्रन अ‍ॅक्ट १९८९ च्या कलम १७ खाली काउन्सिलचा मुलांसाठीचा समाजसेवा विभाग निवारा आणि पैशांची मदत करू शकतो. ती मदत पब्लिक फंड्समध्ये मोजत नाहीत. फॅमिली व्हिसावर असाल तर ती अट काढून टाकण्यासाठी गृहखात्याकडे वेगळा अर्जही करता येतो.

पात्र आहात का

मूळ अट एकच. ज्या घरात राहता त्याच्या भाड्यासाठी युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये हाउसिंगची रक्कम, किंवा हाउसिंग बेनिफिट, मिळत असलं पाहिजे. हाउसिंग बेनिफिट आता मुख्यतः पेन्शनचं वय झालेल्यांना आणि तात्पुरत्या किंवा सपोर्टेड निवासात राहणाऱ्यांना मिळतं. बाकी सगळे युनिव्हर्सल क्रेडिटवर. त्याचा अर्जच केला नसेल तर आधी तो करा. पहिले पैसे यायला सुमारे पाच आठवडे लागतात, म्हणून एक दिवसही दवडू नका.

नातेवाइकांकडे भाडं न देता राहत असाल तर ही मदत मिळत नाही. तिथून बाहेर पडावं लागत असेल तर काउन्सिलच्या होमलेसनेस विभागाकडे जा. बेघर या शब्दाने दचकू नका. घर सुटायच्या बेतात असलेल्यांनाही तो विभाग मदत करतो. स्वतःच्या घराचा मॉर्गेज हप्ताही यात बसत नाही. त्याच्या व्याजासाठी सरकारची वेगळी योजना आहे, पण ते कर्ज असतं.

तूट किती आणि का, हे काढा

युनिव्हर्सल क्रेडिटच्या खात्यात महिन्याचं स्टेटमेंट असतं. त्यात हाउसिंगची ओळ शोधा. शेजारी भाडेकरारातली रक्कम लिहा. करारात आठवड्याचं भाडं असेल तर चारने गुणू नका. आठवड्याला ३०० पौंड म्हणजे महिन्याला १,२०० नव्हे. ३०० ला ५२ ने गुणून १२ ने भागायचं, म्हणजे १,३०० येतात. ही शंभराची चूक अर्जात राहिली तर मंजूर झालेली मदतही शंभराने कमी येते.

आता कारण. काउन्सिलचा अधिकारी सगळ्यात आधी तेच शोधतो.

खासगी भाडेकरूंच्या बाबतीत बहुतेक वेळा कारण असतं लोकल हाउसिंग अलाउन्स. प्रत्येक भागासाठी आणि बेडरूमच्या संख्येनुसार कमाल रक्कम ठरलेली असते. हे दर एप्रिल २०२४ मध्ये वाढवले आणि एप्रिल २०२५ मध्ये आहे तिथेच ठेवले. भाडी मात्र चढत राहिली. तुम्हाला किती बेडरूम मोजतात तेही तपासा. जोडप्याला एक, दहा वर्षांखालच्या दोन मुलांना मिळून एक, सोळाखालच्या दोन भावांना किंवा दोन बहिणींना मिळून एक. आणि ३५ वर्षांखालच्या एकट्या माणसाला साधारणपणे शेअर केलेल्या घरातल्या एका खोलीचाच दर धरतात. आपली किती तरी एकटी मुलं-मुली यात अडकतात.

काउन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घरात कारण असतं जादा खोली. एक खोली जास्त असेल तर भाड्याच्या रकमेतून १४ टक्के कापतात, दोन किंवा अधिक असतील तर २५ टक्के. लोक याला बेडरूम टॅक्स म्हणतात. स्कॉटलंडमध्ये ही कपात डीएचपीतून पूर्ण भरून दिली जाते.

तिसरं कारण बेनिफिट कॅप. जोडप्याला किंवा मुलं असलेल्या कुटुंबाला ग्रेटर लंडनमध्ये वर्षाला २५,३२३ पौंड आणि लंडनबाहेर २२,०२० पौंड ही मर्यादा आहे. तुम्हाला, जोडीदाराला किंवा सोबत राहणाऱ्या १८ वर्षांखालच्या मुलाला अपंगत्वासाठी पिप (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट) मिळत असेल तर ही मर्यादा लागू होत नाही. लागू नसताना कापली जात असेल तर डीएचपीच्या आधी ती चूक दुरुस्त करून घ्या. युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये (निरोपांची जागा) लिहा, फोन करा.

चौथं कारण आपल्या घरांत हमखास दिसतं. मोठा मुलगा किंवा दीर सोबत राहतो, म्हणून हाउसिंगच्या रकमेतून महिन्याला कपात होते. तो २१ वर्षांखाली असेल तर युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये ही कपात होत नाही. जन्मतारीख चुकीची नोंदली गेली आहे का, एकदा बघून घ्या.

कागद गोळा करा

भाडेकरार, भाडं वाढवल्याची नोटीस, थकबाकीचं पत्र, गेल्या दोन-तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट्स (घरातल्या सगळ्या खात्यांची), पगाराच्या पावत्या, युनिव्हर्सल क्रेडिटची स्टेटमेंट्स. आजारपण असेल तर डॉक्टरांचं पत्र. मूल जीसीएसईच्या (इथल्या दहावीसारखी परीक्षा) वर्षात असेल तर शाळेचं पत्र. घरात अत्याचार होत असेल तर तेही सांगा. अशी माहिती गोपनीय ठेवतात, आणि काउन्सिल ती फार गांभीर्याने घेते.

जमाखर्चाचा तक्ता: इथेच बहुतेक अर्ज अडतात

अर्जात एक लांबलचक तक्ता असतो. भाडं, काउन्सिल टॅक्स, वीज-गॅस, पाणी, किराणा, प्रवास, फोन, मुलांचा खर्च, कर्जाचे हप्ते. आपल्या लोकांची खोड अशी, की खर्च कमी दाखवला तर आपण काटकसरी दिसू. त्या ताईंनी चौघांच्या किराण्यापुढे महिन्याला १२० पौंड लिहिले होते. मी विचारलं, "ताई, एवढ्यात भागतं?" त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मी रात्री जेवत नाही." तो आकडा आम्ही खोडला, मुलांना आणि त्यांना पोटभर जेवायला किती लागतं ते मोजलं, आणि शेजारी लिहिलं की सध्या आई एक वेळचं जेवण टाळते. कमी दाखवलेला खर्च म्हणजे शिल्लक. शिल्लक दिसली की अधिकारी म्हणणार, तूट तर हे स्वतःच भरू शकतात. खरा खर्च लिहा. एक पैसा जास्त नको, एक पैसा कमी नको.

बँक स्टेटमेंट वाचणाऱ्याला आपल्या घरच्या काही गोष्टी कळत नाहीत. त्या आपण आधीच समजावून सांगाव्यात.

दर महिन्याला गावी आईवडिलांना पाठवलेले पैसे. अधिकाऱ्याला तो टाळता येण्यासारखा खर्च वाटू शकतो. आईच्या डायलिसिसचे किंवा औषधांचे असतील तर तसं लिहा, पावती जोडा. पूर्वी जास्त पाठवत होतात आणि आता कमी केले असतील तर तेही लिहा.

भिशी. दर महिन्याला मैत्रिणीच्या खात्यात शंभर पौंड जातात आणि एखाद्या महिन्यात एकदम हजार-बाराशे येतात. न सांगता पाहणाऱ्याला एक तर उधळपट्टी दिसते, नाही तर लपवलेलं उत्पन्न. भिशी म्हणजे काय, ते इंग्रजीत दोन ओळींत लिहा. किती जणी आहेत, तुमची उचलून झाली की बाकी आहे, हे सांगा. उचललेली रक्कम खात्यात पडून असेल तर ती बचतीत धरली जाईल हेही लक्षात ठेवा.

पुण्यातला फ्लॅट. याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. भारतातली मालमत्ता युनिव्हर्सल क्रेडिटला कळवावीच लागते. ६,००० पौंडांच्या वरच्या भांडवलामुळे पैसे कमी होतात, १६,००० च्या वर गेलं तर युनिव्हर्सल क्रेडिटच मिळत नाही. त्या घरात पेन्शनचं वय झालेले तुमचे आईवडील राहत असतील तर ते घर सहसा भांडवलात मोजत नाहीत, पण कळवायचं तरीही. लपवलं आणि पुढे उघडकीला आलं तर सगळे पैसे परत मागतात, आणि फसवणुकीचा खटलाही होऊ शकतो. अंगावरचं सोनं ही वैयक्तिक वस्तू आहे, ती भांडवलात येत नाही. मंगळसूत्र विकावं लागेल या भीतीने कुणी थांबू नये.

पिप मिळत असेल तर तो पैसा कशावर जातो ते लिहा: टॅक्सी, जादा हीटिंग, मदतनीस. अपंगत्वाच्या खर्चासाठीचा भत्ता सरसकट उत्पन्नात धरणारं एका काउन्सिलचं धोरण इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवलं होतं.

किती मागायचं, कशासाठी मागायचं

भाड्यातली तूट हा नेहमीचा भाग. पण लहान, परवडणाऱ्या घरात जायचं असेल तर डिपॉझिट, आगाऊ भाडं आणि सामान हलवण्याचा खर्चही मागता येतो. इंग्लंडमध्ये वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांखाली असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. वरच्या उदाहरणातल्या घराला ते १,५०० पौंड झालं. नव्या घराच्या करारावर सही करण्याआधी काउन्सिलशी बोला. नवं घर पुढे परवडणार का, हे त्यांना आधी पाहायचं असतं.

पाणीपट्टी, काउन्सिल टॅक्स, आणि सँक्शनमुळे (भत्त्याच्या अटी न पाळल्याबद्दलची कपात) कापलेली रक्कम यातून मिळत नाही. काउन्सिल टॅक्सच्या सवलतीसाठी त्याच काउन्सिलकडे वेगळा अर्ज असतो. तो त्याच बैठकीत भरून टाका.

मागच्या तारखेपासूनही मदत मागता येते. उशीर का झाला ते सांगा. आजारपण, बाळंतपण, भारतात कुणी गेलं म्हणून जावं लागलं, जे खरं असेल ते.

कारणाचा रकाना

बहुतेक जण इथे "भाडं जास्त आहे, कृपया मदत करा" एवढंच लिहितात. खरं तर अर्जाचं वजन याच रकान्यावर असतं. काउन्सिलला दोन उत्तरं हवी असतात: आत्ता अडचण का आली, आणि मदत संपेल तेव्हा काय बदललेलं असेल. मदत तात्पुरती आहे, म्हणून दुसरं उत्तर पहिल्याइतकंच लागतं.

समजा, असं लिहायचं: "आम्ही या घरात चार वर्षं राहतो. मार्चपर्यंत भाडं वेळेवर दिलं, बँक स्टेटमेंट जोडलं आहे. मार्चमध्ये माझ्या पतीचे कामाचे तास आठवड्याला ४० वरून १८ झाले. हाउसिंगची रक्कम १,२०० आणि भाडं १,४५०, म्हणून दरमहा २५० पौंड कमी पडतात. मोठ्या मुलीची जीसीएसई परीक्षा जूनमध्ये आहे, त्याआधी घर बदललं तर शाळा तुटेल. मी केअर असिस्टंटचं प्रशिक्षण घेते आहे, ते ऑगस्टमध्ये पूर्ण होईल. तोवर आम्ही स्वस्त घरही शोधतो आहोत, पाहिलेल्या घरांची यादी जोडली आहे. सहा महिन्यांसाठी दरमहा २५० पौंडांची विनंती आहे."

यात आकडे आहेत, तारखा आहेत, आणि मदत कुठे थांबेल तेही आहे. इंग्रजी अडत असेल तर काउन्सिलकडे मराठी दुभाष्या मागा. दहा वर्षांच्या मुलाला फोनवर बसवून घराची थकबाकी सांगायला लावू नका. मी ते पाहिलं आहे, आणि ते मूल ते विसरत नाही.

अर्ज गेल्यावर

संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. फोन केलात तर तारीख, वेळ, काय बोलणं झालं ते वहीत टिपा. जादा कागद मागितले तर मुदतीत द्या. घर सोडण्याची नोटीस किंवा कोर्टाची तारीख आली असेल तर अर्जाच्या पहिल्याच ओळीत "तातडीचं" असं लिहून तारीख द्या.

घरमालकालाही कळवा की अर्ज केला आहे, आणि जमेल तेवढं भाडं देत राहा. पैसे घरमालकाला थेट द्या असं काउन्सिलला सांगता येतं, पुष्कळ घरमालक त्याने शांत होतात. पगार वाढला, कुणी राहायला आलं किंवा गेलं, तर लगेच काउन्सिललाही कळवा. न कळवता जास्त पैसे घेतले तर ते परत मागितले जातात.

नकार आला तर

पत्र नीट वाचा. कारण लिहिलेलं असतं. या निर्णयावर ट्रायब्युनलमध्ये अपील करता येत नाही, पण काउन्सिललाच फेरविचार करायला सांगता येतं. मुदत पत्रात असते. फेरविचारात तीच गोष्ट पुन्हा लिहू नका, त्यांच्या कारणाला उत्तर द्या. "उत्पन्न खर्चापेक्षा जास्त आहे" असं म्हटलं असेल तर तक्त्यातली कुठली ओळ चुकली ते दाखवा. कमी रक्कम किंवा कमी महिने मिळाले असतील तरी फेरविचार मागता येतो. परिस्थिती बदलली तर नवा अर्जही करता येतो. निर्णय कायद्याला धरून नसेल तर शेवटचा मार्ग ज्युडिशियल रिव्ह्यूचा, म्हणजे निर्णय कायदेशीर आहे का हे कोर्टाकडून तपासून घेण्याचा. त्यासाठी वकील लागतो आणि मुदत फार थोडी असते, म्हणून लॉ सेंटरशी लगेच बोला.

घर जायची वेळ येत असेल तर

नोटीस आली म्हणजे त्या तारखेला घर सोडलंच पाहिजे असं नसतं. कोर्टाचा आदेश आणि त्यानंतर बेलिफ (आदेश बजावणारा अधिकारी), हा कायद्याचा रस्ता आहे. घाबरून आधीच किल्ल्या देऊन टाकू नका. काउन्सिल "तुम्ही स्वतःहून बेघर झालात" असं ठरवू शकते. इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून खासगी घरमालकांना कारण न देता घर रिकामं करायला सांगणारी कलम २१ ची नोटीस देता येत नाही. थकबाकीच्या कारणावरून मात्र वेगळी नोटीस देता येते. ५६ दिवसांत बेघर व्हायची शक्यता असेल तर इंग्लंडमधल्या काउन्सिलवर ते टाळण्यासाठी मदत करण्याची कायदेशीर जबाबदारी आहे, २०१७ च्या कायद्याने. त्या विभागाला ईमेल करा, म्हणजे लेखी नोंद राहते. कर्जं फार झाली असतील तर इंग्लंड आणि वेल्समध्ये ब्रीदिंग स्पेस योजनेतून ६० दिवस तगादा थांबवता येतो. ती कर्ज सल्लागारामार्फतच मिळते, चालू भाडं मात्र देत राहावं लागतं.

फुकट सल्ल्यासाठी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, काउन्सिलचं वेल्फेअर राइट्स पथक आणि इंग्लंडमध्ये शेल्टरची हेल्पलाइन, ०८०८ ८०० ४४४४. कुणी अर्ज भरून देण्याचे पैसे मागितले तर देऊ नका.

मदत मिळाल्यावर

मंजुरीच्या पत्रात शेवटची तारीख असते. त्याच दिवशी फोनमध्ये तिच्या सहा आठवडे आधीचं स्मरण लावा. पुन्हा अर्ज करता येतो, पण तेव्हा काउन्सिल विचारते, मधल्या काळात काय केलं. म्हणून पाहिलेली घरं, पाठवलेले नोकरीचे अर्ज, घरमालकाशी भाड्याबद्दल झालेलं बोलणं, सगळं एका वहीत तारखेसह लिहीत जा. त्या ताईंना पाच महिन्यांची मदत मिळाली. त्यांची वही मुलीच्या शाळेच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर होती. दुसऱ्या अर्जाच्या वेळी आम्ही त्या पानांचे फोटो तसेच जोडले.